यमू, पांडुरंग आणि आशयसूत्राची वही

कादंबरीचं आशयसूत्र म्हणून 'बालविवाह' किंवा 'एकटेपणा' एवढंच लिहिलंत, तर विषय सांगून झाला. आशयसूत्र अजून हाती लागलेलं नाही. त्या विषयाबद्दल कादंबरी काय म्हणते, ते क्रियापदासकट पूर्ण वाक्यात मांडता आलं पाहिजे. सरावासाठी दोन कादंबऱ्या शेजारी ठेवा: हरी नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो' आणि भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' (१९६३). एक एकोणिसाव्या शतकाच्या शेवटची, दुसरी साठच्या दशकातली, पण दोन्हींत 'मी'च बोलतो.

पहिल्यांदा नुसतं वाचा. दुसऱ्या वाचनाला वहीत तीन रकाने आखा: पान क्रमांक, पात्र काय बोलतं, काय करतं. एका मुख्य पात्रामागे आठ-दहा नोंदी पुरतात. बोलणं आणि वागणं जिथे जुळत नाही तिथे खूण करा. व्यक्तिरेखा बहुधा तिथेच उघडी पडते. 'प्रेमळ', 'हट्टी' अशी विशेषणं मात्र या टप्प्यावर वहीत येऊच देऊ नका, कारण एकदा शिक्का मारला की पुढची पानं आपण त्या शिक्क्यापुरतीच वाचतो.

मग निवेदकाकडे वळा. तो कधी सांगतोय? आपट्यांच्या कादंबरीची निवेदक यमू सगळं गमावून बसल्यावर लिहिते, म्हणजे लहानपणीचा खोडकरपणा सांगतानाही शेवट तिला ठाऊक आहे. मुंबईतल्या संसाराची पानं याच नजरेने वाचा. तिचा नवरा रघुनाथराव भला माणूस, तरी तो गेल्यावर यमूचं केशवपन टळत नाही. शेजारी तिची मैत्रीण दुर्गी उभी आहे, तिच्या वाट्याला वाईट नवरा. दोघींना एकत्र ठेवलं की वाक्य तयार होतं: बाईचं सुख एका पुरुषाच्या भलेपणावर आणि आयुष्यावर टांगलेलं असेल, तर ते तिचं नसतंच. 'बालविवाहाची समस्या' या उत्तरात हे कुठेच येत नाही. दुय्यम पात्रं गाळली की असं होतं.

'कोसला'त निवेदक पांडुरंगच्या भाषेवर नजर ठेवा. सुरुवातीची दहा पानं घेऊन 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' किती वेळा येतात ते मोजा, मग त्याच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूच्या भागातली तेवढीच पानं मोजा. सूर कुठे बदलतो ते आकड्यांतूनच तपासा. 'पांडुरंग व्यवस्थेविरुद्ध बंड करतो' हे वाक्य परीक्षेच्या पेपरात हमखास भेटतं, पण पांडुरंग शेवटी गावी परततो, त्याचं काय करायचं?

निवेदकाला लेखक समजण्याची चूक आपट्यांबाबत सहसा होत नाही. 'कोसला'बाबत होते, कारण पांडुरंगसारखे नेमाडेही खानदेशातल्या सांगवीचेच.

शेवटी तुमच्या वाक्याला आधार देणाऱ्या तीन जागा आणि विरोधात जाणारी एक जागा शोधा. विरोधी जागा सापडत नसेल, तर वाक्य फार ढोबळ झालंय. अवतरण दोन ओळींपुरतंच घ्या आणि खाली त्यातल्या एका शब्दाबद्दल तरी स्वतःचं लिहा. नाहीतर कथानकाचा सारांश होतो.