इश्यू झिरो दिसलं म्हणजे पुस्तक वाचलंच नाही असं नसतं

फोंड्याजवळच्या एका कॉलेजच्या लायब्ररीत लागले तेव्हा पहिलंच मोठं काम अंगावर आलं ते छापील पुस्तकांच्या डेटाचं, म्हणजे कुठली वापरात आहेत, कुठली नुसती जागा अडवतायत आणि पुढची खरेदी कुठल्या विषयात करायची. एम.लिब. करून नुकतंच जॉइन होताय त्यांच्यासाठी लिहितेय.

आमच्याकडे कोहा हे लायब्ररीचं सॉफ्टवेअर आहे. त्यात अ‍ॅक्सेशन नंबर (प्रत्येक प्रतीचा नोंदणी क्रमांक), कॉल नंबर (रॅकवरची जागा सांगणारा क्रमांक), किती वेळा इश्यू झालं, किती वेळा रिन्यू, शेवटचं कधी गेलं हे सगळं एका रिपोर्टमध्ये निघतं. एसक्यूएल, म्हणजे डेटा काढायची भाषा, येत नसेल तर कोहातल्या गाइडेड रिपोर्टने, म्हणजे नुसते पर्याय निवडून, भागतं, पुढे एक्सेलमध्ये पिव्होट टेबल लावा, ड्यूईच्या वर्गीकरणात प्रत्येक विषयाला नंबर असतो, त्यावरून विषयवार गट पाडा, झालं. हे दोन दिवसांत जमतं, खरं काम त्यानंतर.

मी इश्यू झिरोवाल्यांची भलीमोठी यादी काढली आणि ही बाद करायची म्हणून मॅडमकडे नेली. त्या म्हणाल्या, आधी शेल्फवर जाऊन ये. अटेंडंट काकांनी ८९१.४६ मधनं, म्हणजे मराठी साहित्यातनं, एक समीक्षेचं पुस्तक काढून मागचं पान उघडलं. ड्यू डेट स्लिपवर, म्हणजे परत करायची तारीख मारतात त्या कागदावर, जांभळ्या शाईचे शिक्के, १९९१ पासून खालपर्यंत, आणि जागा संपली म्हणून त्यावर दुसरी स्लिप चिकटवलेली. कॉम्प्युटर आला त्यानंतरचंच कोहाला माहीत, आधीचं सगळं रजिस्टरात आणि त्या स्लिपांवर. त्यामुळे तुमच्याकडे इश्यूची मोजणी कुठल्या वर्षापासून सुरू झाली ते सगळ्यात आधी विचारा.

दुसरं म्हणजे टेबलवर बसून वाचलेलं कुठेच नोंदलं जात नाही. आम्ही आता मुलांना सांगतो की पुस्तक परत रॅकवर ठेवू नका, टेबलवरच राहू दे, संध्याकाळी आम्ही ती सगळी चेक-इनला, म्हणजे परत आलेलं पुस्तक नोंदतात तिथे, स्कॅन करतो, सेटिंग चालू असलं तर कोहा ते लोकल यूज, म्हणजे लायब्ररीतच झालेला वापर, म्हणून धरतं. रेफरन्सच्या पुस्तकांचं चित्रच बदललं यानं.

मराठी-कोंकणी पुस्तकांत अजून एक घोळ, एकच पुस्तक एकदा देवनागरीत आणि एकदा रोमनमध्ये एंटर केलेलं, मग वापर दोन ठिकाणी विभागला जातो आणि दोन्हीकडे कमी दिसतो. हे हातानेच जुळवावं लागतं, कंटाळवाणं आहे पण टाळू नका.

आणि झिरो बघून खचूही नका. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठाच्या १९७९ च्या गाजलेल्या अभ्यासात १९६९ साली घेतलेल्या पुस्तकांपैकी जवळपास ४० टक्के १९७५ पर्यंत एकदाही बाहेर गेली नव्हती. तीच पुस्तकं आत बसून कोणी चाळली असतील ते वेगळं.

गोव्यात छापलेलं जुनं मराठी पुस्तक असेल तर इश्यू कितीही कमी असोत, पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात आणि गोवा विद्यापीठात प्रत आहे का ते बघितल्याशिवाय बाद करू नका, तुमचीच शेवटची असू शकते. शीटमध्ये पुस्तकाच्या अवस्थेचा एक कॉलम ठेवा, आणि शेल्फची फेरी मे महिन्यातच उरका, कारण पाऊस लागला की खालच्या रॅकला बुरशी धरते आणि मग स्लिपवरचे शिक्केसुद्धा वाचता येत नाहीत.