शेतजमिनीसाठी स्टे घेताय? या चुका टाळा

गावाकडे कशालाही "स्टे" म्हणतात, वकिलाकडे जाऊन पण तेवढंच सांगतात की साहेब स्टे पाहिजे, आणि इथूनच घोळ सुरू होतो. स्टे म्हणतात ती कोर्टाची मनाई, आणि ती तीन प्रकारची. दावा चालू असेपर्यंतची ती तूर्तातूर्त मनाई, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या (CPC) ऑर्डर 39 खाली, आपल्याकडे तिलाच निशाणी 5 चा अर्ज म्हणतात. पुरावे होऊन शेवटी निकालात मिळते ती कायमची मनाई. आणि तिसरी आज्ञार्थक मनाई, म्हणजे समोरच्याने केलेलं काम त्याला काढायला लावणारी, ही मागायचीच राहून जाते. भिंत बांधून झाल्यावर "बांधू नये" एवढाच हुकूम आणून काय करणार, पाडून मिळावी अशी मागणी दाव्यातच पाहिजे.

सगळ्यात जास्त दावे कुठे पडतात तर ताब्यावर. जमीन समोरचा कसतोय आणि आपण नुसती मनाई मागतोय, असं चालत नाही हो. बळजबरीने ताबा काढला असेल तर 6 महिन्यांच्या आत विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम 6 खाली दावा टाकता येतो, तिथे मालकीचा वाद काढायची गरजच नसते. उलट मालकीवरच गंभीर वाद असेल तर मालकी जाहीर करून मागा, नुसत्या मनाईवर भागत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2008 साली अनाथुला सुधाकर प्रकरणात नीट समजावून सांगितलंय. सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून निवांत राहू नका, पीक पाहणी, मोजणीचा नकाशा, फोटो सगळं जोडा, आणि चतुःसीमा गट नंबरसकट तपासा कारण मिळकतीचं वर्णनच चुकलं तर कुठल्या जमिनीला मनाई आहे हेच कळत नाही.

एकतर्फी हुकूम, म्हणजे समोरच्याचं ऐकायच्या आधीच दिलेली मनाई, मिळाला की लोकं पेढे वाटतात. खरं काम त्याच दिवशी सुरू होतं! त्याच ऑर्डर 39 च्या नियम 3 प्रमाणे अर्ज, दावा, शपथपत्र आणि कागदपत्रांच्या नकला प्रतिवादीला लगेच पाठवायच्या आणि पाठवल्याचं शपथपत्र त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कोर्टात द्यायचं. वकिलाला फोन करून विचारा, झालं का म्हणून. आधीचा दावा किंवा फेरफाराचं अपील लपवू तर अजिबात नका, मुद्दाम खोटी माहिती देऊन एकतर्फी हुकूम घेतलाय असं दिसलं की नियम 4 खाली तो उठतो.

हुकूम मोडला की सगळे पोलीस स्टेशनला पळतात. तक्रार द्या, पण नियम 2अ चा अर्ज विसरू नका, त्यात मिळकत जप्ती आणि 3 महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. अर्थात नांगर फिरवतानाचे फोटो, साक्षीदार पाहिजेत.

नुसता शेतरस्ता अडवला असेल तर आधी तहसीलदाराकडे मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 चं कलम 5 बघा, तिथेही मुदत 6 महिनेच. आणि समोरचाच स्टे आणेल अशी भीती असेल तर कॅव्हेट टाका, म्हणजे आमचं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका असा अर्ज कोर्टात आधीच द्या, ते 90 दिवस चालतं, नंतर परत टाकावं लागतं.

निशाणी 5 फेटाळलं म्हणून दावा सोडून देऊ नका, दावा तसाच चालू असतो. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर यांचा आदेश असेल तर जिल्हा न्यायालयात 30 दिवसांत अपील करता येतं, आदेशाची नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात, म्हणून नकलेचा अर्ज आदेशाच्या दिवशीच द्या.