सांगलीत पार्किंगसह भाड्याचं घर कसं शोधावं

भाड्याने फ्लॅट बघताना बहुतेक जण आधी खोल्या बघतात आणि पार्किंगचा विषय निघताना जिन्यात काढतात. तुमच्याकडे चारचाकी असेल तर सांगलीत हा क्रम उलटा ठेवा. पार्किंग ही इमारतीतली सगळ्यात खालची जागा, आणि कृष्णेचं पाणी आधी तिथंच शिरतं.

म्हणून आधी भाग ठरवा. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी गावभाग, मारुती चौक, दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट, कर्नाळ रोड या नदीकडच्या वस्त्यांना झोडपलं. विश्रामबाग त्या मानाने उंचावर आहे. शामरावनगरात जोराच्या पावसाचं पाणीही साचून राहतं.

पण नुसत्या भागाच्या नावावर विसंबू नका, गल्लीगणिक फरक पडतो. समोरच्या किराणा दुकानदाराला विचारा, "एकोणीसला पाणी कुठवर आलं होतं?" तो भिंतीवर हात लावूनच दाखवेल. मग पार्किंगमधले खांब नीट न्याहाळा. पाण्याची रेघ, नव्या रंगाखाली आलेले फुगवटे, डोक्याच्याही वर हलवलेले विजेचे मीटर यांपैकी काही दिसलं तर कारण विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

घरं मिळतात ती ओळखीतून, एजंटकडून आणि 'भाड्याने देणे आहे' या पाट्यांवरून. वालचंद आणि विलिंग्डन कॉलेजमुळे विश्रामबागेत विद्यार्थ्यांचीही मागणी असते, त्यामुळे कॉलेजं सुरू व्हायच्या आत, एप्रिल-मेमध्येच शोधायला लागा. एजंटचं कमिशन घर बघायच्या आधी ठरवा.

जागा पसंत पडली की रात्री नऊनंतर पुन्हा जा, तेही स्वतःची गाडी घेऊन. दुपारी मोकळं दिसणारं पार्किंग तेव्हा भरलेलं असतं. गाडी प्रत्यक्ष लावून बघा. दोन खांबांमध्ये ती बसते, पण दार उघडत नाही, असं पुष्कळदा होतं. मागे दुसऱ्याची गाडी लागणार असेल तर ती कुणाची आणि सकाळी कधी निघते, तेही विचारा. मालक "लावा की कुठंबी!" म्हणाले तरी सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटाच, कारण इमारतीखालची जागा बहुधा सामायिक असते आणि ती कुणी कशी वापरायची हे सोसायटी ठरवते.

मग भाडेकरार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. अकरा महिन्यांच्या करारालाही यातून सूट नाही. नुसत्या नोटरीवर भागवू नका. नोंदणी आता ऑनलाइन होते. करारात 'पार्किंगसह' एवढंच लिहून पुरत नाही. कोणत्या खांबांमधली जागा, किती चारचाकी, किती दुचाकी, वेगळं शुल्क आहे का, हे सगळं लिहून घ्या. डिपॉझिट चेकने किंवा ऑनलाइनच द्या.

राहायला आल्यावर पावसाळ्याआधी एक काम उरकून ठेवा: पूर आलाच तर गाडी कुठे न्यायची, ती उंचावरची जागा ठरवा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ नदीची ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. पाणी चाळिशीकडे सरकू लागलं की गाडी हलवा, पंचेचाळिसाची वाट बघू नका. तोवर तुमच्या गल्लीतून बाहेर पडायचा रस्ताच पाण्याखाली गेलेला असू शकतो.