नाताळला वस्तूऐवजी सहल द्यायची तर

गोव्यातल्या घराने पहिली गोष्ट ठरवून टाकावी: भेट २५ डिसेंबरला, प्रवास मागाहून. २० डिसेंबर ते २ जानेवारी या दिवसांत अर्धा देश इकडे उतरलेला असतो. खोल्या वर्षातल्या सगळ्यात चढ्या दराने जातात, विमानाची तिकिटं महागतात, किनाऱ्याकडचे रस्ते तुंबतात. शिवाय येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा, चर्चमधली मध्यरात्रीची मिस्सा म्हणजे प्रार्थना, शेजाऱ्यांकडे कुसवाराची म्हणजे नाताळच्या फराळाची ताटं पोहोचवणं हे सगळं घरी असल्याशिवाय होत नाही. तेव्हा नाताळ घरीच करावा आणि त्या दिवशी हातात द्यावी ती तारीख ठरलेली, तिकीट काढलेली सहल. 'यंदा कुठंतरी जाऊया' एवढंच लिहिलेलं कार्ड म्हणजे भेट नव्हे. परीक्षा लागतात, मग उन्हाळा, मग पाऊस, आणि कार्ड कपाटातच राहतं.

आधी तारीख, मग गाव

तीन राजांचं फेस्त, म्हणजे चर्चचा सण, ६ जानेवारीला होतं. त्यानंतरचे शुक्रवार ते रविवार आणि फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा हा गोवेकरांसाठी उत्तम काळ. यातून २६ जानेवारीची जोडसुट्टी वगळा, तेव्हा दर पुन्हा उसळतात. मग घरातल्या अडचणी कॅलेंडरवर मांडा: गावच्या देवळाची जत्रा, जानेवारीतली लग्नं, कार्निव्हल, दहावी-बारावीचं मूल. बारावीचं मूल घरात असेल तर सहल सरळ परीक्षेनंतर ठेवा. त्याला मागे ठेवून गेलात तर ती कुटुंबाची सहल राहत नाही.

कोणी बोटीवर किंवा गल्फमध्ये कामाला असेल तर तारीख त्याच्या रजेच्या पहिल्या अर्ध्यात धरा. बोटीवरून बोलावणं ठरलेल्या दिवसाआधीही येतं, आणि रजेच्या शेवटच्या आठवड्यात मेडिकल, कागदपत्रं, नातेवाइकांच्या भेटी यांतच दिवस जातात.

रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी, सकाळी ८ वाजता उघडतं. म्हणजे २५ डिसेंबरला जास्तीत जास्त २३ फेब्रुवारीपर्यंतचं तिकीट मिळू शकतं. पाकिटात खरं तिकीट घालायचं तर प्रवास त्याच्या आत हवा. १६ जानेवारीला निघायचं असेल तर आरक्षण १७ नोव्हेंबरलाच उघडलेलं असतं. नाताळच्या आठवड्यात शोधायला बसलात तर वेटिंगच हाती येईल. मे महिन्याची सहल देणार असाल तर पाकिटात खोलीच्या आरक्षणाची प्रत घाला आणि १ मेच्या गाडीसाठी २ मार्चची सकाळ मोबाइलवर नोंदवून ठेवा.

कुठे

तीन दिवस हातात असतील आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर हंपी. वास्कोहून मडगावमार्गे जाणारी अमरावती एक्सप्रेस दूधसागराजवळून घाट चढते आणि लोंढा, हुबळी करत होसपेटला नेते. ही गाडी रोज नसते, म्हणून आधी गाडीचा वार बघा, मग खोली घ्या. उलटं केलंत तर एक रात्र वाया जाते. मुक्काम हंपी गावातल्या छोट्या घरांपेक्षा सुमारे १३ किलोमीटरवरच्या होसपेटला करावा, तिथे लिफ्टची हॉटेलं मिळतात. विठ्ठल मंदिराकडचा शेवटचा पट्टा साधारण एक किलोमीटरचा आहे, तिथे बॅटरीवरची गाडी चालते. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. कमलापूरचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. संत भानुदासांनी पंढरीची मूर्ती विजयनगरहून, म्हणजे याच हंपीतून, परत आणली, अशी वारकरी परंपरा सांगते. आजीला ती माहीत असेल तर गाइडआधी तिलाच बोलू द्या, नातवंडं जास्त लक्ष देतील.

मुलं लहान असतील तर मालवण. स्वतःच्या गाडीने सकाळी निघालात की जेवायला तिथे; रेल्वेने कुडाळला उतरून पुढे एसटी किंवा रिक्षा. सिंधुदुर्ग किल्ल्यासाठी होडी सकाळी लवकर धरा, आत सावली कमी आणि चालणं बरंच. एकाच रात्रीची सवड असेल तर गोकर्ण.

पैसे

गेल्या वर्षी एकमेकांना दिलेल्या वस्तूंचा खर्च प्रत्येक घराने प्रामाणिकपणे लिहावा. समजा तीन भावांची घरं, मिळून अकरा माणसं आणि प्रत्येक घराचे १२,००० रुपये. म्हणजे ३६,००० झाले. चार खोल्या, दोन रात्री, दर २,५०० धरला तर २०,०००, त्यावर ५ टक्के जीएसटी म्हणजे २१,०००. उरलेल्या १५,००० मधले साडेतीन हजार अडीअडचणीसाठी बाजूला काढून बाकीचे तिकिटं आणि तिथल्या गाड्यांसाठी. यात भागत नसेल तर एक रात्र कमी करा किंवा जवळचं गाव घ्या, पण कर्ज काढू नका. खोली एका रात्रीला ७,५०० रुपयांच्या वर गेली की जीएसटी १८ टक्के होतो, हेही दर विचारताना ध्यानात ठेवा.

खोल्या आणि प्रवास सामाईक, जेवण ज्याचं त्याने, हा नियम आधीच बोलून घ्या. कमी कमावणाऱ्या भावाकडून कमी घ्यायचं असेल तर ते फक्त त्याच्याशी बोलावं, सगळ्यांसमोर नाही.

घरात केंद्र सरकारी नोकर असेल तर एलटीसीचं, म्हणजे रजेतल्या प्रवासखर्चाच्या सवलतीचं, कार्यालयात आधी कळवा. विमानाचं तिकीट ठरवून दिलेल्या एजंटांकडूनच काढावं लागतं, नाहीतर बिल अडतं.

खोली घेताना

स्वयंपाकघर असलेला बंगला स्वस्त वाटतो. पण तिथे पोळ्या कोण लाटणार, याचं उत्तर 'आई' असेल तर तो बंगला घेऊ नका. नाताळचा आठवडाभर नेवऱ्या, दोदोल, बेबिंका करून थकलेल्या बाईला सहलीतही चुलीपुढे उभं करणं ही तिला दिलेली भेट होत नाही. नाश्ता धरून दर विचारा किंवा तिथलीच स्वयंपाकीण लावा.

तळमजला किंवा लिफ्ट, पाश्चात्य संडास, रात्री औषधापुरता फ्रिज हे फोनवर विचारूनच घ्या. फोटो बघून पूर्ण पैसे भरू नका, नसलेल्या बंगल्यांच्या नावाने पैसे उकळणारे बरेच आहेत. व्हिडिओ कॉलवर खोली दाखवायला सांगा, २५ टक्क्यांच्या आसपास आगाऊ रक्कम द्या आणि रद्द केल्यास काय परत मिळेल ते लेखी घ्या. घरातल्या कोणाकडे पोर्तुगीज पासपोर्ट असेल तर त्याने मूळ पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं कार्ड) बरोबर ठेवावं. परदेशी पाहुण्यांची नोंद हॉटेलला वेगळी करावी लागते, आधार दाखवून भागत नाही.

तिकीट काढताना ५ वर्षांखालच्या मुलाला रेल्वेत भाडं नाही, पण बर्थही नाही. ५ ते ११ वर्षांच्या मुलाला बर्थ हवा तर पूर्ण भाडं, नको तर अर्धं. रात्रीच्या गाडीत बर्थ घ्याच. साठीच्या पुढचे पुरुष आणि पंचेचाळिशीच्या पुढच्या स्त्रिया यांच्यासाठी खालच्या बर्थचा कोटा आहे, पण तो एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तर चालतो. म्हणून आजी-आजोबांचं तिकीट वेगळं काढा.

२५ तारखेला हातात काय द्यायचं

मुलांना उघडायला काहीतरी लागतंच. शेजारची मुलं खेळणी दाखवत असताना फक्त कागद मिळाला तर सात वर्षांचं मूल रडेल, आणि त्यात त्याची चूक नाही. एका खोक्यात सहलीशी जोडलेली एखादीच लहान वस्तू ठेवा: दुर्बीण, टोपी किंवा विजेरी. सोबत नकाशा आणि निघायचा दिवस लाल केलेलं कॅलेंडर. मोठ्यांसाठी पाकिटात तिकिटाची प्रत, हॉटेलचं नाव आणि कोणी काय करायचं याची ओळ पुरे.

मोठ्यांना मात्र पूर्ण धक्का देऊ नका. रजा मंजूर करून घ्यायला, दुकान सोपवायला, देवापुढच्या दिव्याची आणि गुरांची सोय लावायला वेळ लागतो. तारीख महिनाभर आधी सांगा, गाव गुपित ठेवा.

ऐनवेळी कोणी आजारी पडलं तर रेल्वेचं पक्कं तिकीट आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा किंवा बायको यांच्या नावावर करता येतं. गाडी सुटण्याच्या २४ तास आधी आरक्षण कार्यालयात अर्ज, ओळखपत्र आणि नात्याचा पुरावा द्यायचा. विमानाच्या तिकिटावर माणूस बदलता येत नाही, म्हणून ज्याचं येणं डळमळीत आहे त्याचं विमानाचं तिकीट सगळ्यात शेवटी काढा.