एचिंगचा कागद : घेताना, भिजवताना, ठेवताना या चुका टाळा

एचिंगच्या प्लेटवर, म्हणजे आम्लाने खाचा पाडायच्या धातूच्या पत्र्यावर, दीड महिना घालवायचा, ॲक्वाटिंटच्या (रेघांऐवजी सलग छटा देणाऱ्या पद्धतीच्या) पाच छटा जीव मुठीत धरून आम्लात काढायच्या आणि छापायच्या आदल्या संध्याकाळी कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातून ‘जरा जाडसर पांढरा कागद द्या’ म्हणून दहा ताव आणायचे, हे मी स्वतः केलेलं आहे. पहिला ठसा उचलला तर काळ्या भागात सगळीकडे पांढरे ठिपके, वरून मीठ भुरभुरल्यासारखे. मी आधी शाईला बोल लावला, मग प्रेसच्या दाबाला, मग ब्लँकेटला (प्रेसच्या रोलरखाली कागदावर घालतात ते जाड लोकरी कापड). नाचता येईना अंगण वाकडं. गडबड कागदात होती आणि तो कागद मीच आणला होता.

लिनोकट किंवा वुडकटमध्ये (लिनोलियम किंवा लाकूड कोरून केलेल्या छापात) शाई ठोकळ्याच्या वरच्या भागावर असते. कागद नुसता टेकला, चमच्याच्या पाठीने घासला तरी ठसा येतो, कोरडा कागदही चालतो. एचिंगमध्ये शाई खाचेत बसलेली असते. कागदाला त्या खाचेत उतरून ती उचलून आणावी लागते. त्यासाठी तो ओला करून मऊ करायचा आणि तशा ओल्या अंगाने त्याने रोलरखालचा दाब सोसायचा. भिजल्यावर हा कागद कसा वागतो, एवढाच प्रश्न दुकानात विचारायचा असतो आणि नेमका तोच कुणी विचारत नाही. आपण गोरेपणा बघतो, जाडी चाचपतो, भाव विचारतो.

दिसायला चांगला, म्हणून घेतला

आयव्हरी शीट गुळगुळीत असते, कोरडी असताना देखणी दिसते. पाण्यात घातली की फुगते, पोपडे धरते आणि प्लेटला चिकटते. कार्ट्रिज शीट सरावाच्या प्रूफला (चाचणीच्या ठशाला) ठीक आहे, त्यापुढे नाही.

वॉटरकलर पेपरची गोष्ट वेगळी. तो महाग असतो, शंभर टक्के कापसाचा मिळतो, म्हणून तो एचिंगलाही उत्तमच असणार असं वाटतं. पण जलरंग कागदात झिरपू नये, वर तरंगत राहावा, म्हणून त्याला जिलेटिनची भरपूर खळ दिलेली असते. ती खळ कागदाला कडक ठेवते आणि एचिंगला हवा असतो लोण्यासारखा मऊ कागद. हातात तोच असेल तर तासभर, कधी त्याहूनही जास्त भिजवावा लागतो. शिवाय सुटलेली खळ ब्लँकेटमध्ये जाते आणि ब्लँकेट पुठ्ठ्यासारखं ताठ होतं. मग पुढच्या सगळ्या ठशांचा दाब बिघडतो आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही.

खळ किती आहे हे ओळखायला कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवा. मोत्यासारखा तसाच बसून राहिला तर खळ जास्त. टीपकागदासारखा लगेच शोषला गेला तर खळ नाहीच. मिनिटभरात हळूहळू पसरून आत गेला तर तो तुमचा कागद. जुने लोक कागदाला जीभ लावतात : चिकटली तर बिनखळीचा. दुकानदारासमोर करायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

हल्ली एक नवीन घोटाळा होतो. ‘फाइन आर्ट पेपर’ या नावाने इंकजेट प्रिंटरचे कागदही विकले जातात, कित्येकदा एचिंगचे कागद बनवणाऱ्या गिरण्यांचेच. आतला कागद चांगला असतो, पण त्यावर इंकजेटची शाई धरणारा लेप असतो. पाण्यात तो लेप मऊ पडतो आणि प्लेटवर उरतो. पाकिटावर ‘इंकजेट’ हा शब्द दिसला की बाजूला ठेवा.

‘ॲसिड फ्री’ लिहिलंय, म्हणजे झालं

नाही झालं. लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन काढलेलं नसेल तर कागद उजेडात पिवळा पडतो. खिडकीत आठवडाभर राहिलेलं वर्तमानपत्र आठवा. तुरटी आणि राळेची खळ असलेला कागद आपल्याच आम्लाने ठिसूळ होत जातो. ‘ॲसिड फ्री’चा अर्थ इतकाच की आज, बनवताना, त्यात आम्ल नाही. पुढे हवेतून आणि फ्रेमच्या मागच्या स्वस्त पुठ्ठ्यातून जे आम्ल येणार, त्याला थोपवायला कागदात कॅल्शियम कार्बोनेट लागतं. तेव्हा तीन गोष्टी विचारा : कापूस किती टक्के, लिग्निन आहे का, कॅल्शियम कार्बोनेट घातलंय का. इंग्लंडमधल्या सेंट कथबर्ट्स गिरणीचा सॉमरसेट आणि फ्रान्सचा बीएफके रीव्ह्ज हे शंभर टक्के कापसाचे. फाब्रियानोचा रोझास्पिना साठ टक्के कापसाचा, भावाला हलका. विद्यार्थ्याने त्यावर हात बसवावा, काही बिघडत नाही.

अतिशुभ्र कागदाच्या मोहातही पडू नका. तो गोरेपणा बरेचदा कपड्याच्या निळीसारखा असतो, रसायनाने आणलेला. काही वर्षांत तो उतरतो आणि समास मळका दिसू लागतो. नोटा तपासायचा छोटा अतिनील टॉर्च घ्या, अंधारात कागदावर मारा. निळसर झगझगला तर त्यात चमक आणणारं रसायन आहे. एकदा माझ्याकडच्या चार ‘नॅचरल व्हाइट’ तावांतले दोन ट्यूबलाइटसारखे उजळले होते.

हातकागद : प्रेम आणि पिकिंग

इथे मी थोडा पक्षपाती आहे. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात शतकानुशतकं कागद बनत आला, जुन्नरचा कागद एकेकाळी नावाजलेला होता, पुण्यात १९४० साली हातकागद संस्था उभी राहिली. सांगानेर आणि पाँडिचेरीचा हातकागदही सहज मिळतो. सुती चिंध्यांच्या लगद्याचा चांगला हातकागद लिनोकट-वुडकटला फार गोड ठसा देतो.

एचिंगला मात्र तो तपासल्याशिवाय वापरू नका. अडचण येते ती पिकिंगची. खळ कमी असली की चिकट शाई कागदाचे तंतूच ओढून घेते. ठसा उचलताना बारीक ‘चर्र’ आवाज येतो आणि प्लेटवर पांढरी लव दिसते. असं झालं तर कागद फेकण्याआधी शाई सैल करा : जवसाच्या तेलाचे एकदोन थेंब. कागदाची ओल थोडी कमी करा आणि झटक्याने ओढू नका. एवढं करूनही लव निघत असेल तर तो ताव लिनोसाठी ठेवा.

दुसरी खोड म्हणजे असमान जाडी. ताव खिडकीसमोर धरला की ढग दिसतात. दाट ढग आला तिथे दाब जास्त बसतो. लगद्यात राहिलेली बारीक खडीही हाताने चाचपून काढा, ती मऊ जस्ताच्या प्लेटवर कायमचा व्रण पाडते. झेंडूच्या पाकळ्या घातलेला कागद लग्नपत्रिकेला शोभतो, तो तिथेच राहू द्या.

भिजवण्यातल्या चुका

निम्म्याहून जास्त ठसे इथे बिघडतात. काळ्यात मिठासारखे ठिपके, बारीक रेघा तुटक : कागद कोरडा राहिलाय. शाई डागाळलेली, काही भागांत धरलीच नाही, रेघेच्या कडेला पाण्याची फिकट झालर : कागद फार ओला आहे. एकाच ठशात दोन्ही : ताव सगळीकडे सारखा भिजलेला नाही. प्रेसला हात लावायच्या आधी हे तपासा.

किती वेळ भिजवायचा याचं एकच उत्तर नाही. मध्यम खळीचे कागद वीस मिनिटं ते अर्धा तास. आर्श ८८ सारखा बिनखळीचा कागद टबात बुडवलात तर उचलताना हातात तुकडा येईल. त्याला स्पंजने नाहीतर स्प्रेने ओल द्यायची. मला सगळ्यांत भरवशाची वाटते ती रात्रभराची रीत. ताव एकेक करून पाण्यातून काढायचे, पाणी निथळू द्यायचं, एकावर एक रचून प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळायचे, वर काच किंवा फळी ठेवायची. सकाळपर्यंत ओल सगळीकडे सारखी पसरते. मग दोन टीपकागदांमध्ये ठेवून लाटण्याने दाबायचं. पृष्ठभागावर पाण्याची चमक दिसता कामा नये. मी ताव गालाला लावतो : गार लागला पाहिजे, पण गाल ओला होता कामा नये.

पाण्याकडेही बघा. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर वर्ष-दोन वर्षांनी समासात तांबूस ठिपके उमटू शकतात. गंजकी बादली, गंजकी क्लिप, तेच.

आणि कागद प्लेटच्या कडेवर फाटत असेल तर कागदाला शिव्या देऊ नका. प्लेटच्या कडा कानशीने तिरक्या केल्यात का? धारदार कड अडीचशे जीएसएमचा (चौरस मीटरला अडीचशे ग्रॅम) तावही ब्लेडसारखा कापते.

तंतूंची दिशा

एका प्लेटचं काम असेल तर हा भाग सोडून दिलात तरी चालेल. दोन-तीन प्लेटचं रंगीत काम असेल तर मात्र नाही. कागद भिजला की तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त पसरतो, मोठ्या तावात दोन-तीन मिलिमीटर सहज. अर्धे ताव उभे आणि अर्धे आडवे फाडलेत तर प्रत्येक ठशात दुसरा रंग वेगळीकडे सरकेल. पूर्ण ताव साधारण ५६ बाय ७६ सेंटिमीटरचा असतो. फाडण्याआधी सगळ्या तावांच्या मागे पेन्सिलीने एकाच दिशेचा बाण काढा. पहिली प्लेट छापली आणि चहाला गेलात, तेवढ्यात ताव सुकून आखडला, असंही होतं. रंगीत कामात ताव प्लॅस्टिकखालीच राहिला पाहिजे.

पावसाळा

ओले ठसे जून ते सप्टेंबरमध्ये तसेच रचून ठेवलेत तर तीन दिवसांत बुरशीचा वास येतो. मध्ये टीपकागद घाला, पहिल्या दिवशी दोनदा बदला, वर वजन ठेवा. भिजवलेला उरलेला कागद ‘उद्या वापरू’ म्हणून प्लॅस्टिकमध्ये चार दिवस ठेवू नका. पसरून वाळवा, पुन्हा भिजवता येतो. माझे बारा चांगले ताव एका जुलैत असेच गेले, प्लॅस्टिक उघडलं तर वर करडे-हिरवे नकाशे.

कोरडा साठा आडवाच ठेवायचा, गुंडाळी नको. बाहेरच्या भिंतीला लागून नको, जमिनीवर तर नकोच. कसर खळीवर जगते, तिला तुमच्या कागदाची किंमत ठाऊक नसते. पत्र्याच्या ट्रंकेत पॉलिथिनमध्ये गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि त्या पुड्या अधूनमधून तापवून सुकवा.

हिशेब

वीस प्रतींची एडिशन (एकाच प्लेटच्या सारख्या ठशांचा संच) असेल तर पंचवीस ताव एकदम घ्या, एकाच गठ्ठ्यातले. नंतर आणलेल्या पाच तावांची छटा हमखास वेगळी निघते आणि शेजारी ठेवली की आंधळ्यालाही दिसते. परवडत नसेल तर एडिशन बाराची करा, कागद हलका घेऊ नका. प्रूफ मात्र महागड्या कागदावर काढायची गरज नाही. फक्त शेवटचं प्रूफ एडिशनच्या कागदावरच काढा, कारण शाईचा गडदपणा कागदागणिक बदलतो.

समास फाडून उरलेल्या पट्ट्या मी एका खणात ठेवतो. प्रत्येकीवर पेन्सिलीने कागदाचं नाव, जीएसएम, किती मिनिटं भिजवला आणि महिना लिहिलेला असतो. रोझास्पिनाच्या दोन पट्ट्या आत्ता समोर आहेत, दोन्ही पंचवीस मिनिटांच्या. ऑगस्टच्या पट्टीवर काळा भरून आलाय. मेमधल्या पट्टीवर मीठ सांडलंय : टीपकागदावरून प्रेसपर्यंत नेईस्तोवर पंख्याखाली ती सुकली होती. आता मेमध्ये छापताना मी पंखा बंद करतो.