दिलेल्या अक्षरांतून इंग्रजी शब्द शोधताय? या चुका टाळा

'खालील अक्षरं वापरून इंग्रजी शब्द शोधा' हा खेळ पुण्यात बारा महिने कुठे ना कुठे चालू असतो. उन्हाळी शिबिर, सोसायटीचा गणपती, ऑफिसातला शुक्रवारचा टाइमपास. परीक्षक म्हणून मला बोलावतात, कारण मी फुकट येतो. आणि दर ठिकाणी त्याच त्या चुका बघून डोकं उठतं.

पहिली चूक म्हणजे प्रश्न न वाचता पेन उचलणं. एल, आय, एस, टी, ई, एन ही सहा अक्षरं घ्या. सगळी वापरायची, बाहेरचं एकही घ्यायचं नाही, असं असेल तर 'लिसन', 'सायलेंट', 'एन्लिस्ट', 'टिन्सेल'. जमतील तेवढीच वापरायची असतील तर 'टेन' आणि 'लिस्ट'सुद्धा चालतात. सहाही हवीतच, पण बाहेरची घातली तरी हरकत नाही, असं असेल तर 'सेंटिनल' बसतो. आणि सहाही त्याच क्रमाने, लागोपाठ हवी असतील तर 'ग्लिसन'. तो लिहून बघा, जी सोडला की उरलेलं अख्खं 'लिसन' आहे.

शब्द शोधून देणाऱ्या वेबसाइटवर चार रकाने दिसले की लोक पहिल्यात अक्षरं कोंबतात आणि 'काहीच येत नाही' म्हणून ओरडतात. मी नवीन साइट दिसली की 'लिसन'ची सहा अक्षरं टाकून बघतो. 'टेन' आला तर ती जमतील तेवढी अक्षरं घेते. 'सेंटिनल' आला तर सगळी हवीत, पण कुठेही. 'ग्लिसन' आला आणि 'सेंटिनल' नाही, तर लागोपाठ शोधतेय. फक्त सहा अक्षरी शब्द आले तर निव्वळ उलटापालट. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण तेवढा धीर असतो कुणाला!

यातलाच पोटप्रश्न: एक अक्षर दोनदा वापरायचं का? कोथरूडच्या एका सोसायटीत गणपतीत 'गणेशोत्सव' हाच शब्द दिला होता, इंग्रजी स्पेलिंगमध्ये. जी, ए, एन, ई, एस, एच, ओ, टी, एस, ए, व्ही. म्हणजे ए दोन, एस दोन, बाकी एकेक. फळ्यावर नियमही लिहिला होता: जेवढी अक्षरं दिलीत तेवढीच वापरा. कमिटीतला आयटीवाला म्हणाला, "काका, हाताने कसले तपासताय, दोन ओळींचा प्रोग्रॅम आहे." निकाल लागला, बक्षीस जाहीर झालं आणि तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा कागद घेऊन उभे राहिले. "ई एकच आहे ना हो? मग 'सेव्हन' कसा धरलात?" पाठोपाठ 'शूट' निघाला, त्यात ओ दोन. मग 'टीथ', त्यात तर टीही दोन आणि ईही दोन. आजोबांनी मात्र 'ऑनेस्ट', 'घोस्ट्स', 'सॅव्हेज' असे एकेक अक्षर मोजून लिहिले होते.

गोम अशी की त्या पोराने अक्षरांचा 'सेट' केला होता. सेटला अक्षर आहे की नाही एवढंच कळतं, किती आहेत ते नाही. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत त्यासाठी 'काउंटर' आहे, दिलेल्या अक्षरांचा आणि शब्दाचा काउंटर ताडून बघायचा. आरती खोळंबली, प्रसादाच्या टेबलावर सगळे कागद परत तपासले आणि पहिला नंबर बदलला. मी अजूनही कच्च्या कागदावर प्रत्येक अक्षराखाली त्याची संख्या लिहितो आणि शब्द लिहिताना पेन्सिलीने एकेक खोडतो. हसणारे हसोत.

दुसरी माझी लाडकी चूक खास आपली आहे: कानाने शोधणं. मराठीत लिहितो तसं वाचतो, त्यामुळे आपण आवाज जुळवत बसतो. के, एन, आय, जी, एच, टी दिलं की मुलं 'किंग' आणि 'निट' लिहून थांबतात. 'नाइट' दोन आहेत, सहाही अक्षरांचा शूर सरदार आणि के काढून रात्र. शिवाय 'थिंग', 'थिंक', 'हिंट', 'थिन', 'किथ'. हे सगळे डोळ्यांनी सापडतात. मी अक्षरं ओळीत ठेवतच नाही. स्वर मध्ये, व्यंजनं भोवती गोल. मग जोड्या काढायच्या: टी-एच, एस-एच, सी-के, जी-एच, पी-एच, आणि सुरुवातीला मुका के घेऊन येणारी के-एन. आय, एन, जी तिन्ही असतील तर ती उजवीकडे बाजूला ठेवून उरलेल्यांकडे बघायचं. व्ही आणि डब्ल्यू तर आपल्या कानाला एकच, तिथे कानावर अजिबात विसंबू नका.

बाकीच्या किरकोळ. माणसांची आणि गावांची नावं चालत नाहीत, लिनक्स या कॉम्प्युटर सिस्टिमवरच्या शब्दांच्या फाइलमध्ये सापडली तरी. 'कलर'मध्ये यू आहे की नाही, हे यादी ब्रिटिश की अमेरिकन यावर ठरतं. क्यू आला आणि यू नाही म्हणून रडू नका, स्क्रॅबलमध्ये क्यू-आय हा दोन अक्षरी शब्द चालतो आणि क्यूचे दहा गुण पदरात पडतात. आणि १०० सोंगट्यांत एस फक्त चार असतात, तेव्हा पहिल्याच चालीत 'कॅट'चं 'कॅट्स' करून तो उधळणाऱ्याशी मी पुन्हा खेळत नाही.

डिक्शनरी कुठली ते खेळाआधी ठरवा. अप्पा बळवंत चौकातून आणलेली जुनी असो की फोनमधली, ती एकच, आणि सगळ्यांना दिसेल अशी टेबलावर. डाव रंगल्यावर "माझ्या ॲपमध्ये आहे" म्हणणाऱ्याचा शब्द मी धरत नाही.