छपाईच्या लाकडी ठशासाठी नक्षी कशी आखावी

हाताने कोरलेला ठसा करून घ्यायचा असेल, तर कारागिराकडे नुसते सुंदर चित्र नेऊन भागत नाही. ते चित्र कापडावर शेजारी शेजारी शेकडो वेळा उमटणार आहे, याचा विचार कागदावरच व्हावा लागतो.

प्रथम कापडाचा पन्हा मोजावा. पन्हा ४४ इंच असेल तर ४ इंचांचा ठसा आडव्या ओळीत बरोबर ११ वेळा बसतो. ५ इंचांचा ८ वेळा बसून ४ इंचांची पट्टी रिकामी राहते. तळव्याने सगळीकडे सारखा दाब देता येईल, यापेक्षा ठसा मोठा करू नये. नक्षीचा कागद मधोमध उभा कापून दोन्ही तुकड्यांची अदलाबदल करावी आणि मग आडवा कापून तेच करावे: जिथे रेषा तुटते, तिथेच कापडावर सांधा दिसणार.

यानंतर रंग वेगळे करावेत, कारण प्रत्येक रंगाला स्वतंत्र ठसा लागतो. जयपूरजवळच्या सांगानेर आणि बगरूमध्ये बाह्यरेषेच्या ठशाला रेख, पार्श्वभूमीच्या ठशाला गद आणि आतला भाग भरणाऱ्या ठशाला दत्ता म्हणतात. समजा, कोयरी काढली आहे. तिचा भराव रेषेच्या आतल्या कडेला नेमका थांबवला, तर ठसा केसभर सरकला तरी पांढरी फट दिसते. म्हणून रेषा गडद असल्यास भराव तिच्या जाडीच्या मध्यापर्यंत न्यावा. सर्व ठशांच्या त्याच कोपऱ्यांत जुळणीचे बारीक ठिपके नक्षीतच सामावून घ्यावेत. पहिल्या संचाला तीन रंग पुरेसे आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. फार जवळच्या रेषाही टाळाव्यात, कारण त्यांच्यामधल्या खाचेत रंग साचून त्या एकमेकींत मिसळतात.

अक्षरे किंवा एका दिशेला वळलेला मोर असेल, तर ठशावर तो उलटा कोरावा लागतो. आपले रेखाटन कापडावर दिसणाऱ्या दिशेचे आहे, हे त्यावर ठळक लिहून द्यावे. गांधीनगरजवळच्या पेथापूरमध्ये सागवानाचा पृष्ठभाग घासून सपाट करतात, त्यावर पांढरा थर देतात आणि मग नक्षी उतरवून कोरतात. मोठ्या भरीव भागांत हवा व जास्तीचा रंग निघून जाण्यासाठी आरपार छिद्रे ठेवण्यास सांगावे. तयार ठसा काही दिवस तेलात मुरवल्यास लाकूड तडकण्याची भीती कमी होते.

साडीच्या काठासाठी कोपऱ्याचा वेगळा ठसा आधीच मागवावा, आणि सगळे ठसे ताब्यात घेताना एकाच कापडावर एकामागून एक उमटवून जुळणी तिथेच तपासावी.